नवसाचं एकविसावं वर्ष

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आरारूटच्या बिस्किटांच्या हिशेबाची ही वही मागच्या बाजूने कोरी राहिली होती. पानं वाया जाऊ नयेत म्हणून मागून लिहायला घेतली. सेब्यो बोलत होता तोवर मला लिहायची गरज कधी पडली नाही. दिवसभराचं नवऱ्याला सांगितलं की डोकं रिकामं व्हायचं. आता तो ऐकतो, पण त्याच्याकडून काही येत नाही. नऊ जानेवारीला आरारूटचे कंद किसता किसता त्याच्या हातातून किसणी गळाली, आणि तेव्हापासून उजवं अंग आणि जीभ दोन्ही गेली.

सकाळी फादरनी कपाळाला राख लावली. घरी येऊन माझ्याच कपाळावरची थोडी बोटावर घेतली आणि सेब्योला लावली. असं चालतं की नाही माहीत नाही. तो माझ्याकडे पाहत नव्हता. भिंतीकडे पाहत होता. भिंतीवर मुखवटा आहे.

आजपासून उपवासाचे दिवस सुरू झाले. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, सोमवारपासून ईस्टरपर्यंत, मोरियोन म्हणजे मुखवट्याआडचा रोमन शिपाई होऊन गावातून चालायचं असा त्याचा नवस आहे. एकवीस वर्षांचा. वीस झाली. नोएमी नऊ वर्षांची असताना बोआकच्या इस्पितळात तिचा ताप उतरेना, डॉक्टर आमच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हा त्यानं खाटेपाशी उभं राहून बोललेला. पोरगी उठली. मग त्यानं पांगाऱ्याच्या लाकडातून मुखवटा कोरला, घोड्याच्या केसांची दाढी लावली, आणि एकदाही खाडा केला नाही. एका वर्षी पायात खिळा गेला होता, तरी नाही.

मुलीचं नाव लिहिलं गेलं. राहू दे. खोडलं तर पान घाण होतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

मिस्सा झाल्यावर फादरना गाठलं. हे फादर नवे आहेत, वयानं माझ्या मुलीएवढे.

विचारलं, “फादर, देवाला दिलेला शब्द अर्धा राहिला तर देव आपलं दिलेलं परत घेतो का?”

म्हणाले, “देव सावकार नाही, आलिंग पेतांग. आजारी माणसाचा नवस मी बदलून देऊ शकतो. त्यांनी रोज जपमाळ म्हणावी.”

“त्याला बोलता येत नाही.”

“मनात म्हणावी.”

“मनातले पाय चालत नाहीत, फादर.”

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आमच्या मोगपोग गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणं वेगळं आहे. नवस करणाऱ्याला जमलं नाही तर त्याच्या रक्ताच्या माणसानं पुरा करायचा. मी चालले असते, पण मी बायको, माझं रक्त वेगळं. बंदराकडच्या एका माणसानं नवस मध्येच टाकला, आणि ज्याच्यासाठी केला होता तो मुलगा वर्षाच्या आत बोटीवरून पडून मेला. हे फादरना सांगितलं नाही. ते लुसेनात शिकलेले आहेत, पुन्हा हसले असते.

रक्ताचं माणूस म्हणजे सेब्योच्या भावाचा मुलगा, आंबो. दुसरं कोणी नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

आंबोकडे आरारूटची बिस्किटं घेऊन गेले. डब्यातली मोडकी नाही, चांगली नेली. आंबो त्याची मोटारसायकल धूत होता.

“तिया, बिस्किटं आणलीत म्हणजे काम मोठं आहे.”

सांगितलं. त्याचा हात फडक्यावरच थांबला.

“तिया, मी यंदा बोआकच्या मोरियोनांच्या स्पर्धेत नाव दिलंय. छातीला नंबर लागलाय. एका मानेवर दोन डोकी कशी घालू?”

“स्पर्धा दरवर्षी असते. काकाचं हे शेवटचं वर्ष आहे.”

“माझ्या बायकोला विचारा. शिरस्त्राणाला लागणारी पिसं तिनं मनिलाहून मागवलीत. मी माघार घेतली तर ती मलाच सोलून लावेल.” मग थोडं थांबून म्हणाला, “रक्ताचं माणूस अजून एक आहे, तिया.”

मी डबा रिकामा करून मागितला आणि घरी आले.

आहे. लुसेनात आहे, बोटीनं तीन तासांवर. पण चार वर्षांपूर्वी ती त्या दुसऱ्या मंडळीत गेली, जे मूर्ती मानत नाहीत, संत मानत नाहीत, नवसाला तर अंधार म्हणतात. माझी आई गेली तेव्हा नऊ दिवसांच्या प्रार्थनेला ती अंगणातच उभी राहिली. हातात मेणबत्ती दिली तर घेतली नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, आत यायचं नसेल तर येऊच नकोस. ती आली नाही. मी सांगितलं तेच तिनं केलं, त्यात तक्रार करण्यासारखं मला काही नाही.

४ मार्च, रविवार

आंबो आला. मला म्हणाला, “तिया, जरा काकांशी पुरुषापुरुषांचं बोलायचंय.” दार ओढून घेतलं. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी अर्धा तास काय बोलायचं असतं? बाहेरून ऐकलं तर एक आंबोचा आवाज, आणि त्यात बारीक दुसरा, फोनमधून यावा तसा. रेडिओ लावला असेल. दार उघडलं तेव्हा सेब्योचे डोळे भरलेले होते आणि तोंडाची डावी बाजू हसत होती.

“काय सांगितलंस त्याला?”

“गंमत,” आंबो म्हणाला. जाताना सेब्योच्या जुन्या चपला मागितल्या. माप घ्यायला म्हणे.

मी पुढे विचारलं नाही. मोरियोन कोण होणार हे विचारायचं नसतं. मुखवट्याआड कोण आहे हे ओळखलं तरी ओठावर आणायचं नसतं, नाहीतर त्याचं चालणं फुकट जातं. चपलांची मात्र आशा धरून बसले आहे.

११ मार्च, रविवार

पवित्र आठवड्यात गावात पाहुण्यांना जागा पुरत नाही, म्हणून पर्यटन कचेरीच्या मुलीनं आमच्या दारावर पाटी लावली. पुढची खोली द्यायची ठरवली. मधल्या खोलीबद्दल तिनं विचारलं, तिथे चांगली खाट आहे, गादी आहे, का देत नाही? म्हटलं, तिथलं छप्पर गळतं. ती वर बघत राहिली. उन्हाळ्यात कुठून दिसणार गळती.

त्या खोलीतल्या चादरी आज धुतल्या. नाहीतर कसर लागते.

२४ मार्च, शनिवार

पाहुणी आली. मिस इलागान, मनिलाची, फोटो काढणारी. चाळिशीची असेल, एकटी. आम्ही बायकांनी रीतीप्रमाणे तिला खुर्चीत बसवून डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला, दीर्घायुष्याचं गाणं म्हटलं, पायाशी पाकळ्या आणि नाणी उधळली. ती रडली. म्हणाली, “माझी कोणाशी ओळख नाही, आणि तुम्ही माझ्यासाठी आयुष्य मागताय?” ओळखीच्यांसाठी तर सगळेच मागतात, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

तिच्याकडे मोठी यादी. पालादचा वाळूचा पट्टा, भरतीला बुडण्याआधी. बाथालाची गुहा. मालिंदिग डोंगरावर चढायचं. गासानची फुलपाखरं. मी म्हटलं, बेटाला चक्कर मारायला दिवस पुरतो, पण शुक्रवारी दुपारी तीन वाजता इथेच पाहिजेस.

जेवायला नारळाच्या दुधातली अळूची पानं आणि वाफवलेला मासा. मासा तिनं पूर्ण खाल्ला, डोक्यासकट. मनिलाची असून संस्कार चांगले आहेत.

भिंतीवरच्या मुखवट्याकडे बघून म्हणाली, “याचे दोन्ही डोळे उघडे का? मला वाटलं, एक मिटलेला असतो.”

“मिटलेला लाँजिनसचा. एकच असतो तो. येशूच्या कुशीत भाला मारणारा शिपाई. रक्ताचा थेंब आंधळ्या डोळ्यात गेला आणि त्याला दिसायला लागलं. मग तो गावभर सांगत सुटला आणि बाकीच्या शिपायांनी त्याचं डोकं उडवलं. हे मुखवटे त्या बाकीच्यांचे.”

“म्हणजे तुमचे यजमान वाईट शिपाई होतात?”

“आम्ही सगळे तेच होतो,” मी म्हटलं. “चांगला व्हायची परवानगी एकाच माणसाला.”

२५ मार्च, झावळ्यांचा रविवार

उद्या सोमवार, आणि मुखवटा अजून भिंतीवर. आंबो आठ दिवस फिरकला नाही.

दुपारी मिस इलागाननं विचारलं, यंदा कोण घालणार? मला खोटं बोलता येईना. सगळं सांगितलं. सांगताना आवाज साधा ठेवला होता, पण हातातले तांदूळ दोनदा निवडले.

ती म्हणाली, “मी चालले तर? मी डोंगर चढते, मला दम लागत नाही. फोटो नाही काढणार. कोणाला कळणार नाही.”

चांगल्या मनानं म्हणाली. तिचा राग आला नाही. उलट एक क्षण वाटलं, काय हरकत आहे, मुखवटा तर रस्त्यावर दिसेल. जाऊन सेब्योला विचारलं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी सान इसिद्रोच्या मूर्तीसमोर गुडघे टेकले. प्रार्थना सुचेना. शेवटी म्हटलं, हे बघा, चूक आमच्या घराची आहे, पोरीची नाही. ती तुमच्याकडे येत नाही हे मला ठाऊक आहे. पण तिचा श्वास तुम्ही दिलेला आहे, तो तिच्याकडेच राहू दे. नवस अर्धा राहिला तर माझ्याकडून घ्या.

हे मला वाटलं म्हणून म्हटलं असं नाही. म्हणावं लागतं म्हणून म्हटलं.

२६ मार्च, पवित्र सोमवार

सकाळी मिस्साहून आले तर भिंत रिकामी. मुखवटा नाही, कातडी अंगरखा नाही, काठ्या नाहीत. सेब्यो डाव्या हातानं खाटेच्या कडेवर ठेका वाजवत होता.

नऊ वाजता रस्त्यावरून काठ्यांचा आवाज आला. दोन काठ्या एकमेकींवर, तीन वेळा लवकर आणि चौथी लांब. तो सेब्योचाच ठेका. आमच्या फाटकाशी मोरियोन थांबला. खिडकीत सेब्योला टेकवून बसवलं होतं. मोरियोननं वाकून मानवंदना दिली, सेब्योनं डावा हात वर केला, आणि बराच वेळ खाली आणला नाही.

आंबोनं स्पर्धा सोडली तर. काकासाठी पिसांवर पाणी सोडलं. मी त्याच्याकडून डबा रिकामा करून आणला होता, त्याची लाज वाटली.

तो सेब्योहून बुटका दिसत होता. वजनानं वाकला असेल. अंगरखा जड आहे.

आंबोच्या बायकोला विचारावंसं वाटलं, पण विचारायचं नसतं.

२८ मार्च, बुधवार

तीन दिवस झाले. मोरियोन रोज दुपारी मागच्या छपरीत टेकतो. मी जेवण ठेवून निघून जाते. त्याला लोकांसमोर मुखवटा काढता येत नाही, म्हणून दाराला पोतं लावून घेतलं आहे. सोमवारी मासा ठेवला, काल भोपळ्याचं कालवण.

आंबोला आजारपणात सेवा करावी तसं वागवते आहे, आणि तोही सुधारला आहे. एरवी ताटात भात टाकून उठणारा माणूस. इथे ताट धुऊन, पुसून, फाटकाच्या खांबावर उपडं घालून ठेवतो. मी आमच्या घरी तशीच शिस्त लावली होती. कोणाची तरी आई चांगली असणार.

एरवी शीळ घातल्याशिवाय त्याला चालता येत नाही. या आठवड्यात तीही नाही. मी वाटेत उभी असले तर दुसऱ्या बाजूनं जातो. नवसाला इतका कडक असेल असं वाटलं नव्हतं.

मिस इलागान आज म्हणाली, “तुमचा पुतण्या पाय आत टाकून चालतो. माझी एक मैत्रीण तशी चालायची.” मी म्हटलं, चपला काकाच्या आहेत, मोठ्या होतात. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मग कॅमेऱ्याची काच पुसायला लागली.

२९ मार्च, पवित्र गुरुवार

संध्याकाळच्या मिस्साला पाय धुण्याचा विधी. दिवसभर चॅपेलमध्ये येशूच्या दुःखसहनाची कडवी गायला बसले, आळीपाळीनं, दोन-दोन तास. माझ्या शेजारी बसलेली म्हणाली, “पेतांग, तुझा आवाज यंदा फुटतोय.” म्हटलं, धूर आहे.

सेब्योला आज दोन चमचे जास्त भरवता आले. फिजिओथेरपीवाल्यानं शिकवल्याप्रमाणे बोटं उघडून मिटून घेतली. एक सांगायचं राहिलं. तो दिवसभर एकच शब्द जुळवतोय, न, न, असं. मला वाटलं ‘नाही’ म्हणतोय. पाणी नको? नाही. उशी नको? नाही. शेवटी कंटाळून त्यानं डोळे मिटले.

३० मार्च, गुड फ्रायडे

हे सावकाश लिहिते.

दुपारी मिरवणूक निघाली. क्रूस वाहणारे पुढे, पाठीवर फटके मारून घेणारे त्यांच्यामागे, मग मोरियोन. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी आणि मिस इलागान कडेनं चाललो होतो. पुलावर, जिथे दोन्ही अंगांना घर नाही की झाड नाही, आमचा मोरियोन कठड्याला टेकला. मग गुडघ्यावर आला. मग आडवा झाला.

लोक धावले. कोणी म्हणालं, मुखवटा काढा, वारा लागू द्या. म्हातारा कारियो ओरडला, “मुखवट्याला हात लावू नका, नवस तुटेल. उचलून पलीकडे न्या.” पण पलीकडे म्हणजे अर्धा पूल. बाहेरगावच्यांनी फोन वर धरले.

तेवढ्यात निळ्या पिसांचा मोरियोन गर्दी सारत आला. माझा दंड धरून म्हणाला, “तिया, बाजूला व्हा, मी उचलतो.”

तो आंबोचा आवाज.

मी म्हटलं, “तू इथे आहेस, तर हा कोण?”

निळी पिसं खाली झाली.

मी गुडघ्यावर बसले. चपलेचा पट्टा पायात रुतला होता, तो सैल करायला गेले. चपलेच्या पुढे चिंध्या कोंबल्या होत्या. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटभर पांढरा वण होता. नऊ वर्षांच्या पोरीच्या हाताला शीर सापडत नव्हती म्हणून डॉक्टरांनी तिथे कापून सलाईन लावलं होतं. वीज गेली होती. कंदील मी धरला होता. तो वण माझ्याइतका कोणाला ठाऊक असणार.

मला पहिल्यांदा राग आला, हे खरं ते लिहिते. वाटलं, जिला मेणबत्ती धरवत नाही ती कोणत्या तोंडानं हे घालते. पण तो राग किती टिकला? कंदिलाची वात वर करायला लागतो तेवढाही नाही.

मग आतून श्वासाचा आवाज आला. घरघर. वीस वर्षं मी मानत आले की या नवसावर तिचा श्वास आहे. आणि आता त्याच नवसाच्या लाकडाखाली तो अडकत होता. दोन्हीपैकी एक मला धरायचं होतं. विचार करायला सवड होती असं नाही. मी मानेमागची गाठ शोधली आणि सोडायला लागले.

कारियो म्हणाला, “पेतांग, वेड लागलंय का तुला? शेवटचं वर्ष आहे.”

मी म्हटलं, “असू दे शेवटचं. तुटू दे.” सगळ्या गावासमोर म्हटलं. देवासमोरही तेच. गाठ सुटली.

तेव्हा त्या हातानं माझा हात धरला. तापलेला, ओला हात. मुखवटा हलला, नाही, नाही. मी जोर लावला तर तिनं माझी बोटं लाकडावर दाबून ठेवली, पुष्कळ ताकदीनं, आणि दुसऱ्या हातानं गाठ पुन्हा आवळली. सैल होती, पण गाठ होती.

मिस इलागाननं कॅमेरा रस्त्यावर ठेवला आणि अंगावरची ओढणी आमच्या डोक्यावर धरली. तिच्या बाटलीला नळी होती. ती मी लाकडी तोंडाच्या फटीतून आत सरकवली. पाणी ओढल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळ पीत होती. आंबोनं मागे बसून तिला पाठीशी टेकू दिलं आणि फोनवाल्यांना म्हणाला, “आता बास झालं, तुमचा बाप पडला असता तर काढले असते का फोटो?” फोन खाली गेले.

नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. गिळलं. म्हटलं, “मोरियोन, जमत असेल तर ऊठ. नाही जमलं तरी माझी तक्रार नाही.”

ती उठली. दोन काठ्या मी तिच्या हातात दिल्या. तीन लवकर, चौथी लांब. मी शेवटपर्यंत तिच्या बाजूनं चालले, सावली तिच्यावर पडेल अशी.

३१ मार्च, शनिवार

सकाळी फादरकडे पापकबुली दिली. नवऱ्यानं केलेला नवस मी माझ्या हातानं सोडला, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी म्हटलं, नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सोडेन. मग याला पाप म्हणून कसं सांगू, ते तुम्हीच सांगा. फादर या वेळी हसले नाहीत. म्हणाले, “आलिंग पेतांग, घरी जा. मोरियोनला मीठ-साखरेचं पाणी द्या.”

ते आधीच दिलं होतं. छपरीत मलमही ठेवलं, आणि माझ्या मापाच्या चपला. आमच्या दोघींचं माप एक आहे.

सेब्योजवळ बसून म्हटलं, “परवापासून न, न करत होतास ते नोएमी होतं ना?” त्यानं डाव्या हातानं माझ्या डोक्यावर हलकी टपली मारली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मूर्ख म्हणायची त्याची पद्धत हीच.

त्याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. आंबोला माहीत होतं. मिस इलागानला बुधवारी कळलं होतं. ती म्हणाली, “तुम्ही विचारायचं नसतं म्हणालात, म्हणून मी सांगितलं नाही.”

१ एप्रिल, ईस्टर रविवार

पहाटे देवळासमोर येशूची आई आणि उठलेला लेक यांच्या मूर्तींची भेट झाली, देवदूत झालेल्या मुलीनं आईच्या मूर्तीवरचा काळा पडदा उचलला. सकाळी खेळात लाँजिनसचं डोकं उडवलं. तीनदा निसटला, चौथ्यांदा पकडला तेव्हा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोरियोनांचं चालणं संपलं, एकविसावं वर्ष संपलं. मिस इलागान सकाळच्या बोटीनं बालानाकानच्या बंदरातून गेली.

मी घरी आले तर पोरगी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसली होती, उघड्या तोंडानं, पाय बादलीत घालून. मुखवट्यानं दोन्ही गालांची सालं निघाली होती. केस कापलेत तिनं, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “बादली ती कपड्यांची आहे.”

ती म्हणाली, “मग काढू का पाय?”

“राहू दे. आता घातलेस ना.”

चुलीवर भात ठेवला. तिनं बसल्या जागेवरूनच सुरुवात केली, “नानाय, आधीच सांगते. मी तुमच्या देवळात परत येणार नाही.”

“मी विचारलं?”

“विचारायच्या आत सांगतेय. नवसावर माझा विश्वास नाही. लाकडावर तर नाहीच.”

“मग सात दिवस काय केलंस?”

“तातायनं शब्द दिला होता. माझ्यासाठी दिला होता. त्याला आता बोलता येत नाही, तर पुरा कोणी करायचा? आंबोच्या पिसांनी?”

मला हसू आलं. तिलाही आलं, पण गाल चुरचुरले म्हणून आवरलं.

“तुझ्या मंडळीत कळलं तर?”

“मी सांगूनच आले. पाद्री म्हणाले, गेलीस तर परत ये असं मी म्हणू शकणार नाही.”

“मग आता कुठे जाणार?”

“माहीत नाही. नोकरी आहे. रविवारी कुठे जाणार ते माहीत नाही.” पाण्यात पाय हलवत राहिली. मग म्हणाली, “पुलावर तू गाठ सोडलीस.”

“सोडली.”

“मला वाटलं होतं, कोणी मुखवट्याला हात लावला तर तू त्याचा हात तोडशील.”

“मलाही तसंच वाटलं होतं.”

मी भात खाली उतरवला.

सेब्योला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. तिनं त्याच्यापुढे बसून त्याचा लुळा हात आपल्या सोललेल्या गालाला लावला. तो न, न, करत होता, आणि ती दर वेळी ‘ओ’ देत होती.

चाळीस दिवसांनी घरात कोंबडी शिजली. तीन पानं वाढली. मी आणि सेब्योनं क्रूसाची खूण केली, नेहमीची प्रार्थना म्हटली, आणि मी चमचा उचलला. तेव्हा पाहिलं, तिनं खूण केली नव्हती. डोळे मिटून, हात मांडीवर उघडे ठेवून ती ओठातल्या ओठात बोलत होती. त्यांच्यात पाठ केलेलं नसतं, प्रत्येकजण आपापलं बोलतो. ऐकू येत नव्हतं. एकदा तिच्या ओठांवर माझं नाव आल्यासारखं वाटलं, खात्री नाही.

तिची प्रार्थना लांब आहे. कोंबडीच्या रश्श्यावर साय धरायला लागली. सेब्यो माझ्याकडे बघत होता. मी चमचा ताटात परत ठेवला आणि तिचं संपेपर्यंत थांबले.